नकार ऐकण्याची जागा

अमेरिकेत कुठल्याशा कॉलेजात गोळीबार झाल्याची बातमी आली की आपल्याकडे एक वाक्य हमखास कानावर येतं. शहापूरच्या एसटी स्टँडवर येतं, मुरबाडला चहाच्या टपरीवर येतं, आणि वाईट वाटतं ते याचं की स्टाफरूममध्येही येतं. ‘तिथं एकाजवळ जरी पिस्तूल असतं ना, तर एवढी माणसं मेली नसती!’ आज मला या वाक्याशीच भांडायचं आहे.

आपला कायदा काय सांगतो, ते आधी पटकन बघू. वयाची 21 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय आपल्याकडे बंदुकीचा परवाना मिळत नाही. म्हणजे कॉलेजातल्या बहुतेक मुलांचा प्रश्नच मिटला. ज्याच्याकडे परवाना आहे, त्यालाही अट असते. जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, जाहीर जमावात आणि शिक्षणसंस्थेच्या आवारात, जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या खास परवानगीशिवाय, शस्त्र न्यायचं नाही. म्हसा गावची यात्रा आणि शिवळ्याचं कॉलेज एकाच अटीत! मला हे फार शहाणपणाचं वाटतं. पौष पौर्णिमेला म्हशाला बैलाच्या किमतीवरून जी हुज्जत चालते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना लगेच कळेल. जिथं माणसं हुज्जत घालायलाच येतात, तिथं हत्यार नको. आणि कॉलेज ही हुज्जतीचीच जागा आहे.

हाच माझा मुद्दा आहे, आणि तो मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कॉलेज ही ‘नाही’ म्हणण्याची आणि ‘नाही’ ऐकून घेण्याची जागा आहे. हजेरी भरत नाही, परीक्षेला बसता येणार नाही. तुझं उत्तर चूक आहे. तुझं मत मला मान्य नाही. मला तुझ्याशी मैत्री करायची नाही. एकेका दिवसात अशी कितीतरी ‘नाही’ तिथं बोलली जातात. ती समोरच्याच्या बॅगेकडे न बघता बोलता आली पाहिजेत.

टेक्सासमध्ये काय झालं, बघा. आपल्या शहापूर-मुरबाडकडची मुलंही आता एम.एस.साठी तिकडे जातात, म्हणून आईवडिलांनी हे नीट ऐकावं. 1 ऑगस्ट 1966 रोजी ऑस्टिनच्या विद्यापीठात एका विद्यार्थ्याने मनोऱ्यावरून गोळ्या झाडून माणसं मारली होती. त्याला बरोबर 50 वर्षं झाली त्या दिवशी, 1 ऑगस्ट 2016 ला, तिथल्या सरकारी विद्यापीठांत परवानाधारकाला पिस्तूल कपड्याखाली, बॅगेत, कुणाला दिसणार नाही असं बाळगायची मोकळीक देणारा कायदा लागू झाला. ‘दिसणार नाही असं’ हे लक्षात ठेवा. कायदा लागू व्हायच्या आधीच ह्यूस्टनच्या विद्यापीठात प्राध्यापकांसमोर सूचना आल्या होत्या: नाजूक विषयांवर बोलताना जपून, काही विषय अभ्यासक्रमातून गाळण्याचा विचार करा, मुलगा चिडलेला वाटला तर पुढे जाऊ नका. डॅनियल हॅमरमेश नावाचे अर्थशास्त्राचे नामांकित प्राध्यापक ऑस्टिनचं शिकवणं सोडून गेले. तिघी प्राध्यापिका कोर्टात गेल्या, आमच्या वर्गातली चर्चाच मरेल म्हणाल्या. 2018 मध्ये अपिलातही त्या हरल्या. कायदा लागूही झाला नव्हता, श्रोतेहो, आणि तरी मास्तरांची जीभ अडखळायला लागली होती.

आता कुणी म्हणेल, आमच्याकडे घरोघरी कोयता आहे, त्याचं काय? अगदी बरोबर. मला कोयत्याबद्दलच बोलायचं आहे. डोळखांब, किन्हवली, टोकावड्याकडचा माणूस रानात निघाला की कमरेला आकडी बांधतो, आकडीत कोयता अडकवतो. पाठीमागून येणाऱ्याला सगळ्यात आधी तो कोयताच दिसतो. बाजारात, टमटममध्ये, दवाखान्याच्या रांगेत, कुणी दचकत नाही. एकदा एक वडील रानातून तसेच थेट आमच्या कॉलेजात आले. मुलीची हजेरी कमी भरली म्हणून तिचा फॉर्म अडला होता. खूप चिडले होते. पण दाराशी थांबून त्यांनी आधी आकडी सोडली, कोयता कोपऱ्यात भिंतीला टेकवला, पातं आत करून. आणि मग भांडायला बसले! चांगले तासभर भांडले. मी नाहीच म्हटलं. जाताना कोयता उचलला, ‘येतो बाई’ म्हणाले आणि गेले.

दिसणारा कोयता हे अवजार आहे. तो कुणाचा, कशासाठी, कधी कमरेला लागतो आणि कधी उतरतो, हे सगळ्या गावाला माहीत असतं. तोच कोयता शर्टाखाली लपवून आणला की माणूस तोच, पातं तेच, पण आता त्याला काय कापायचं आहे ते फक्त त्यालाच ठाऊक. आणि एकाच्या शर्टाखाली कोयता असू शकतो म्हटलं, की सगळ्यांच्याच शर्टांकडे बघावं लागतं. पिस्तुलाचंही असंच आहे. फरक एवढाच की पिस्तुलापुढे कुणाला धावून जाता येत नाही.

धावून जाता येत नाही, हे मी उगाच म्हणत नाही. 27 जून 2023 ची पुण्याची सदाशिव पेठ आठवा. एका मुलीने नकार दिला म्हणून तिच्या ओळखीच्याच मुलाने बॅगेतून कोयता काढला आणि भररस्त्यात तिच्यामागे धावला. तिला वाचवलं लेशपाल जवळगे आणि हर्षद पाटील या तरुणांनी. लेशपाल स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा, हातात काही नाही. त्याने वार वरच्या वर अडवला. त्या मुलाच्या बॅगेत पिस्तूल असतं तर? लेशपालच्याही बॅगेत असतं, आणि त्या गर्दीत दोघांनी काढलं असतं, तर? जे टपरीवर ते वाक्य बोलतात, त्यांनी याचं उत्तर द्यावं.

आणि शस्त्र जवळ असलं की सुरक्षित, असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच ठाणे जिल्ह्यात बघावं. 2 फेब्रुवारी 2024, उल्हासनगरचं हिललाइन पोलीस ठाणं. ठाण्याच्या आत, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात गोळ्या सुटल्या, आणि आमदारावर गुन्हा नोंदला गेला. पोलीस ठाण्यात शस्त्रांची काय कमी होती? त्याच महिन्यात मुंबईत दहिसरला एका माजी नगरसेवकाचा खून झाला, तो मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या पिस्तुलाने. परवाना अंगरक्षकाच्या नावाचा, पण पिस्तूल चालवलं दुसऱ्यानेच. कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये एकाची चप्पल दुसऱ्याच्या पायात असते, हे मी तुम्हाला सांगायला नको. तिथं उशीखालचं पिस्तूल कुणाकुणाच्या हाती जाईल?

म्हणून पुन्हा सांगते. प्रश्न नेम कुणाचा चांगला, हा नाही. मुलीला नाही म्हणता आलं पाहिजे, मास्तरांना नापास करता आलं पाहिजे, आणि मुलालाही उभं राहून ‘सर, तुमचं चुकतंय’ म्हणता आलं पाहिजे.

पालकांनो, तुमच्यावर थोडा राग आहे माझा. मुलाला गाडी घेऊन देता, मोबाइल घेऊन देता. रील बनवायला तो कुणाचा तरी कोयता, गावठी कट्टा हातात धरून उभा राहतो, आणि तुम्ही ‘पोरंच आहेत’ म्हणता. त्याला घरात कधी कुणी नाही म्हटलंय का? बहिणीने म्हटलंय का? पहिलं ‘नाही’ जर तो एकोणिसाव्या वर्षी कॉलेजात ऐकणार असेल, तर ते पचवायचं कसं, हे त्याला कुणी शिकवायचं?

समोरून वेळ संपत आल्याची खूण होते आहे. खरं तर मला कॉलेजातल्या तक्रार समितीबद्दल बोलायचं होतं. ती कागदावर सगळीकडे असते, पण मुलींना तिच्यातल्या बाईंचं नाव माहीत नसतं. ते नाव फाटकाशी, मोठ्या अक्षरात, फोन नंबरसकट लावायला किती खर्च येतो? प्राचार्य ऐकत असतील तर उद्याच लावा. आणि मुलगा त्रास देतोय अशी तक्रार आली, तर पहिल्या आठवड्यात नेमकं काय करायचं, त्यावर पुढच्या वेळी सविस्तर बोलते.