नाल्याची जागा नाल्याला

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पूर आणि हिमनद्या नदीचा प्रदेश कसा बदलतात, हा आजचा विषय. पत्रिका वाचून शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "अहो मॅडम, खामगावात बर्फ दिसतो तो रसवंतीवर. तुम्ही हिमनदी कुठून आणणार?" प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर आपल्याच जिल्ह्यातल्या एका नदीपाशी सापडतं.

पैनगंगा आपल्या जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते, बुलढाण्याजवळच्या मढ परिसरात. पुढे मेहकरवरून विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेने वाहत ती चंद्रपूरकडे जाते. तिथे तिच्या खोऱ्यात इरई गावाजवळ चुनखडीच्या खडकावर एका दिशेने गेलेले समांतर ओरखडे आहेत, जणू कुणी प्रचंड कानशीने तो खडक घासला असावा. भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणातले फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ साली त्याबद्दल लिहिलं. ते ओरखडे हिमनदीचे आहेत. बर्फाच्या तळाशी अडकलेले दगड खडकावरून सरकत गेले आणि खुणा ठेवून गेले. तेव्हा, म्हणजे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, भारताचा भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता. म्हणजे चंद्रपूरच्या उन्हात आज जो खडक तापतो, त्यावर एके काळी बर्फ सरकत होता! नदीचा अभ्यास करणारा माणूस हेच करतो. पाणी किंवा बर्फ निघून गेल्यावर मागे उरलेल्या खुणा वाचतो.

आता आपल्या बाजूला येऊ. खामगावचं पाणी पैनगंगेत जात नाही, ते उत्तरेला उतरून पूर्णेला मिळतं. पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतपाशी अरबी समुद्राला. पैनगंगेचं पाणी मात्र वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करून बंगालच्या उपसागरात पोचतं. एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो, हे मुलांनी नकाशावर जरूर बघावं.

शेगाव-संग्रामपूरकडे जाताना जी सपाट काळी जमीन लागते ती कुणी केली? पुरांनी. सातपुडा आणि अजिंठ्याच्या रांगांमधल्या खोलगट भागात पूर्णा आणि तिच्या उपनद्या हजारो वर्षं गाळ आणून टाकत आल्या. हा गाळ काही ठिकाणी शेकडो फूट जाड आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतला सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा याच गाळात आहे. सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी मात्र चित्र वेगळं असतं. डोंगरातून धावत आलेला ओढा सपाटीवर आला की त्याचा वेग एकदम पडतो आणि ओझं उतरवावं तसे तो दगडगोटे तिथेच टाकतो. जळगाव जामोदकडे पायथ्याला दगडगोट्यांचा असा पट्टा आहे. भूगोलात त्याला बझाडा म्हणतात.

तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवू. नदी फक्त पाणी वाहत नाही, ती गाळही वाहते. पाणी वाढलं, गाळ वाढला किंवा उतार बदलला, की नदी आपलं पात्र बदलते. वेगाचा एक ढोबळ नियम मी वर्गात सांगत असे. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते ६४ पट वजनाचा दगड ढकलू शकतं. मुलांना तो खोटा वाटायचा. पुरानंतर ओढ्यात येऊन बसलेला धोंडा दाखवला की पटायचा.

हिमालयात या हिशोबात बर्फाची भर पडते. हवा तापत चालली तशा हिमनद्या मागे सरकताहेत. बर्फ मागे जातो, पण त्याने आणलेला दगडमातीचा सैल ढिगारा तिथेच राहतो. त्याला हिमोढ म्हणतात. वितळलेलं पाणी या ढिगाऱ्यामागे साचून तळं होतं. बांध कुणी बांधलेला नसतो, त्याला सांडवाही नसतो. तो फुटला की पाणी आणि ढिगारा मिळून खाली येतात.

आपल्यापैकी अनेक जण चारधामला जाऊन आले आहेत. १६ आणि १७ जून २०१३ ला केदारनाथला काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. मुसळधार पाऊस पडत होता, आणि त्यात मंदिराच्या वरच्या अंगाचं चोराबारी तळं फुटलं. आणखी एक गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही. मंदाकिनी तेव्हा वस्तीच्या पश्चिमेने वाहत होती. पूर्वेला तिचाच एक जुना, सोडलेला प्रवाहमार्ग होता. तो कोरडा दिसत होता म्हणून त्यावर बांधकामं झाली होती. त्या दिवशी नदी त्या जुन्या वाटेनेही आली.

सिक्कीममध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण ल्होनाक हे हिमतळं फुटलं आणि चुंगथांगचं धरण वाहून गेलं. पूर ओसरला तरी तिस्तेचं संकट संपलं नाही, कारण खाली गाळ साचून पात्र कित्येक फूट वर आलं. मग पुढच्या पावसाळ्यात पाणी पुन्हा रस्त्यांवर येऊ लागलं. पूर एक रात्र राहतो, पण त्याने बदललेलं पात्र वर्षानुवर्षं राहतं.

आपल्या जिल्ह्यात हिमतळं नाही, पण २२ जुलै २०२३ आपण विसरलेलो नाही. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत एवढा पाऊस झाला की सातपुड्यातून आलेल्या नद्या-नाल्यांनी काठ सोडले. सरकारी पंचनाम्यात अशा वेळी दोन वेगळ्या नोंदी होतात: खरडून गेलेली जमीन, आणि तीन इंचांपेक्षा जास्त गाळ साचलेली जमीन. एकाची माती गेली, दुसऱ्याच्या शेतावर रेती आली. शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन्ही नुकसानच. नदीच्या दृष्टीने ते तेच जुनं काम आहे, ज्या कामातून ती काळी जमीन तयार झाली. फरक एवढाच की एक बोट मातीचा थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात आणि जायला एक दुपार पुरते.

मोजमापं नसलेल्या काळातले पूर कसे कळतात? मोठ्या पुराचं पाणी काठावरच्या आडोशाला संथ होतं, तिथे बारीक गाळाचा पातळ थर बसतो. पुढच्या पुराचा थर त्यावर. पुण्याचे भूगोलतज्ज्ञ प्रा. विश्वास काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्मदा आणि तापीच्या काठी असे थर वाचून जुन्या पुरांचा इतिहास मांडला. आपल्या पूर्वजांकडे अशी साधनं नव्हती, पण अनुभव होता. म्हणून वऱ्हाडातली जुनी गावं उंचवट्यावरच्या पांढरीत वसलेली दिसतात. काळी कसायला, पांढरी राहायला.

आता थोडं घरचं बोलते. आपल्या मागच्या बाजूच्या नाल्यावर स्लॅब टाकून पार्किंग करावं, असा प्रस्ताव येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. गाड्या वाढल्या, जागा कमी पडते, हे मलाही दिसतं. आमच्याकडेही दोन स्कूटर आहेत! आठ महिने नाला कोरडा असतो हेही खरं. पण पंचवीस वर्षांत त्याचं पाणी दोनदा आपल्या मागच्या फाटकापर्यंत आलेलं इथल्या जुन्या सभासदांनी पाहिलं आहे. वरच्या अंगाला तेव्हा शेतं होती, आज ले-आऊट आणि काँक्रीटचे रस्ते आहेत. मुरायचं पाणी आता थेट नाल्यात येतं. स्लॅबखाली गाळ साचला तर तो काढणार कोण आणि कसा? पात्र अरुंद झालं तर पाण्याचा वेग वाढेल, आणि तुंबलं तर ते आपल्या तळमजल्यावर येईल. तळमजल्यावर आपली सगळ्यात वयस्कर मंडळी राहतात.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. नाला उघडा ठेवावा आणि पार्किंगसाठी पुढच्या मोकळ्या जागेचा विचार करावा. दरवर्षी मृग लागायच्या आत नाल्यातला गाळ आणि प्लास्टिक काढावं, त्याची तरतूद अंदाजपत्रकात असावी. आणि तिसरं काम मुलांचं. मागच्या भिंतीवर ऑइल पेंटने फूट-इंच आखा. प्रत्येक मोठ्या पावसानंतर पाणी कुठवर आलं तिथे रेघ मारा, तारीख लिहा. सोसायटीच्या एखाद्या वहीतही नोंद ठेवा. सुवर्णमहोत्सवाला जे सभासद इथे बसतील, त्यांना निर्णय घेताना कुणाच्या आठवणीवर विसंबावं लागणार नाही.

सभेत मत ज्याचं त्याने द्यावं. त्याआधी एखाद्या पावसाच्या संध्याकाळी पाच मिनिटं मागच्या फाटकाशी उभं राहून तो नाला बघा, एवढंच सांगते.