पुन्हां उंबरठ्याबाहेर

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या जळगांव जामोदसारख्या गांवीं एखादे गृहस्थ मोठ्या शहरांत आंतड्याची शस्त्रक्रिया करवून परत आले आहेत, अशी कल्पना करावी. जखम भरली आहे, अन्न पचतें आहे. परंतु पोटावर एक पिशवी आली आहे. पूर्वीं पहांटे शेताकडे फेरी मारणारे हे गृहस्थ आतां ओसरीवरही येत नाहींत. पिशवी निसटली तर? चारचौघांत वास आला तर? घरचीं माणसें प्रेमानेंच म्हणतात, "आतां आराम करा." आणि शस्त्रवैद्यानें वांचविलेला माणूस या आरामानें दिवसेंदिवस खचत जातो.

कर्करोग, दीर्घकाळची सूज किंवा अपघात यांमुळें कधीं आंतड्याचें टोंक पोटावर आणून मलास तेथूनच वाट करून द्यावी लागते. तिला 'स्टोमा' म्हणतात; मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'तोंड'. वाट मोठ्या आंतड्याची असेल तर ती कोलोस्टॉमी, लहान आंतड्याची असेल तर इलिओस्टॉमी. तिच्यावर माणसाच्या इच्छेचा ताबा चालत नाहीं, म्हणून पिशवी.

या पिशवीचा जन्मच घरांत कोंडून घेतलेल्या एका स्त्रीसाठीं झाला. डेन्मार्कमधील परिचारिका एलिसे सोरेन्सेन हिची बहीण थोरा, वय 32, अशाच शस्त्रक्रियेनंतर बाहेर पडण्यास भिऊं लागली. त्या वेळचीं साधनें अवजड आणि गळकीं होतीं. 1954 सालीं एलिसेला कल्पना सुचली कीं, त्वचेस चिकटणारी, वापरून टाकून देतां येणारी पिशवी करावी. पुढें अमेरिकेंतील फुटबॉलपटू रॉल्फ बेनिर्श्के 1979 सालच्या शस्त्रक्रियेनंतर 1980 सालीं पिशवीसह पुन्हां मैदानांत उतरला.

मैदान दूर राहो. आरंभ चालण्यानें करावा. तें बहुधा इस्पितळांतच, एकदोन दिवसांत सुरू होतें. घरीं आल्यावर प्रथम अंगण, मग गल्लीचें टोंक, मग बाजार, असा पल्ला वाढवावा. कालचा थकवा उरला असेल तर आज पल्ला वाढवूं नये.

स्टोमासाठीं पोटाच्या स्नायूंत छेद घेतात. ती जागा दुबळी राहते. एकाएकीं ताण पडल्यास तेथून आंतडें बाहेर फुगून येतें, हाच हर्निया. म्हणून साधारणतः सहा ते आठ आठवडे, वैद्य सांगतील तर अधिकही, भरलेली घागर, धान्याचें पोतें किंवा कडेवर मूल उचलूं नये. उठतांना कुशीवर वळून हाताच्या आधारानें उठावें. खोकतांना स्टोमावर हळूच हात धरावा. उताणें निजून, गुडघे उभे करून, श्वास सोडतांना पोट हलकेंच आंत घेणें हा सौम्य व्यायाम वैद्यांना विचारून करावा. दंड आणि सूर्यनमस्कार पुष्कळ नंतर, त्यांच्याच अनुमतीनें.

पिशवी एकतृतीयांश भरली कीं रिकामी करावी आणि जवळ एक जादा ठेवावी. धोतराची गांठ किंवा साडीच्या निऱ्या स्टोमावर येऊं देऊं नयेत. त्या जागीं वेदना कळत नाहींत, त्यामुळें घर्षण लक्षांत येत नाहीं.

वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत घामानें पिशवीची पकड सैल होते. म्हणून सकाळीं लवकर फिरावें. पाणी आणि क्षार शोषून घेणें हें मोठ्या आंतड्याचें काम; इलिओस्टॉमींत तें होत नाहीं, आणि नुसतें पाणी पिऊन ती तूट भरत नाहीं. एक लिटर स्वच्छ पाण्यांत सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून तें थोडें थोडें प्यावें; मात्र मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधीं वैद्यांस विचारावें.

स्टोमा काळा पडला, फुगून दुखूं लागला, किंवा त्यांतून कांहींच न येतां उलट्या होऊं लागल्या, तर विलंब न करितां इस्पितळ गांठावें.

राहतो प्रश्न संकोचाचा. तो एकट्यानें सुटत नाहीं. घरच्या माणसांनीं "आराम करा" असें म्हणण्याऐवजीं पायांत वहाणा घालून "चला, मीही येतों" असें म्हणावें. पहिल्या दिवशीं कोपऱ्यापर्यंत जाऊन परतलें तरी पुरे. कांहीं महिन्यांनीं हेच गृहस्थ पुन्हां शेताच्या बांधावर उभे दिसतील, आणि सदऱ्याखालीं पिशवी आहे हें शेजाऱ्यालाही कळणार नाहीं.