हातचा एक



‘सात आणि आठ पंधरा, पाच मांडले, हातचा एक’ असे आपण सर्वांनीच लहानपणी घोकले आहे. तो हातचा आपण मनात धरतो आणि पुढच्या घरात मिळवतो. यंत्राला मन नाही. मग त्याचा हातचा धरायचा कोणी? दातेरी चाकांच्या गणकयंत्रांचा इतिहास आम्हांला तरी मुख्यतः या एका प्रश्नाचा इतिहास वाटतो.

ब्लेझ पास्कल याने 1642 मध्ये, वयाच्या 19 व्या वर्षी, तो हाती घेतला. त्याचे वडील फ्रान्समध्ये रुआन येथे कराच्या कामावरील अधिकारी होते. 12 देनिएंचा 1 सोल आणि 20 सोलांचा 1 लिव्र, असा तेथील हिशेब. आपल्याकडे 1957 पूर्वी ज्यांनी रुपये-आणे-पैंच्या बेरजा केल्या, त्यांना यातला जाच वेगळा सांगावयास नको.

नऊ संपताच एका चाकाने शेजारच्या चाकाला ढकलावे, हा उपाय वरवर सोपा. पण 999999 मध्ये 1 मिळवून पाहा! एका बोटाच्या जोरावर सगळी चाके एकदम हलवावी लागतात, आणि यंत्र अडते. पास्कलने युक्ती केली ती अशी: चाक फिरता फिरता एक वजनदार तरफ उचलत जाते, नवावरून शून्यावर येताच ती आपल्याच भाराने खाली पडते आणि पुढचे चाक एक घर सरकवते. मात्र यामुळे चाके उलटी फिरेनात. तेव्हा वजाबाकीही पूरक संख्या घेऊन बेरजेच्याच वाटेने करावी लागे.

पुढे लायब्निट्सने कमीअधिक लांबीच्या नऊ दातांचा दंडगोल योजला आणि यंत्राला गुणाकार शिकवला. 1673 मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला आपला नमुना दाखवला. बुद्धिमान माणसांनी आकडेमोडीत गुलामासारखे राबू नये, ही त्याची तळमळ. परंतु हातचा ओळीने अनेक घरे ओलांडू लागला की त्याचे यंत्र थबके. मग चालकाने तो हातानेच पुढे सारावयाचा! ज्या यंत्रावर अशी नजर ठेवावी लागते, ते माणसाला मोकळे करीत नाही; त्याला हिशेबनिसाचा पहारेकरी करते.

त्याच दंडगोलावर फ्रान्सच्या थॉमस द कोल्मार याने 1820 मध्ये ‘अरिथमॉमीटर’चे पेटंट घेतले. थॉमस स्वतः विमाव्यवसायातला. त्याचे यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कचेऱ्यांतून विश्वासाने वापरले जाऊ लागले. कल्पनेपासून भरवशापर्यंत दोन शतके लागली, ती अशी.

1970 नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी ही चाके थांबवली. तरी संगणकातील बेरजेच्या मंडलातही हातचा पुढे पोचण्यास लागणारा वेळ रचनाकाराला आजही विचारात घ्यावाच लागतो. म्हणून कोणतेही नवे यंत्र समोर आले, तर ते किती झपाट्याने मोजते एवढेच विचारून आपण थांबू नये. त्याचा हातचा कोण धरतो, हेही विचारावे.