इंग्रजी विशेषणांची रांग

जुळे सोलापुरातल्या मुलांना इंग्रजी विशेषणं शिकवायची, तर नान्नजच्या अभयारण्यासाठी ओळखला जाणारा माळढोक पक्षी उदाहरण म्हणून हाताशी आहे. त्याचं इंग्रजी नाव ग्रेट इंडियन बस्टर्ड. आकार सांगणारं ‘ग्रेट’ आधी, मुलूख सांगणारं ‘इंडियन’ नंतर.

इंग्रजीत विशेषणांची रांग साधारण ठरलेली असते. आपलं मत, मग आकार, वय, रंग, मूळ ठिकाण आणि नामाला अगदी चिकटून, वस्तू कशाची बनली ते. म्हणून आपल्या चादरीचं वर्णन ‘अ ब्यूटिफुल न्यू रेड सोलापुरी कॉटन चादर’ असं होतं. ‘कॉटन रेड न्यू’ म्हटलं तर अर्थ कळतो, पण कानाला खटकतं. नियम घोकण्यापेक्षा अशी दहा-बारा वाक्यं मोठ्यानं म्हणून घ्या; क्रम जिभेवर लवकर बसतो.

एक सोयही आहे. मराठीत मोठा वाडा, मोठी गिरणी, मोठे रस्ते असं विशेषण लिंग-वचनाप्रमाणे बदलतं. इंग्रजीत तिन्हीकडे ‘बिग’च. ‘बिग्ज रोड्स’ कधीच नाही.

खरी गफलत होते ती ‘बोअर्ड’ आणि ‘बोअरिंग’मध्ये. मुलाखतीत अशी चूक महागात पडू शकते, म्हणून इथं थोडं थांबूया. ‘आय ॲम बोअर्ड’ म्हणजे मला कंटाळा आलाय. ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणजे मीच कंटाळवाणा आहे! ‘इंटरेस्टेड’ आणि ‘इंटरेस्टिंग’ यांचंही तसंच: ज्याला आवड वाटते तो ‘इंटरेस्टेड’, आवड निर्माण करतं ते ‘इंटरेस्टिंग’.