आकाशातील अनोळखी दिवे आणि आपला विवेक

(नांदेड येथे भरलेल्या समाजाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



वधूवर-परिचय, शिष्यवृत्त्या आणि वसतिगृह या आपल्या नेहमीच्या विषयांत आकाशाचा विषय कोठून उपटला, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. परंतु हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. तो आपल्या दारात येऊन उभा राहिला आहे. २०२४ सालच्या पावसाळ्यात बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर या आपल्या मराठवाड्यातील जिल्ह्यांत रात्री आकाशात फिरणारे दिवे दिसू लागले. कोणी म्हणे ड्रोन, कोणी म्हणे चोरांची टेहळणी, तर कोणी म्हणे परग्रहावरून कोणी आले आहे. गावोगाव तरुण मंडळी हातांत काठ्या घेऊन जागता पहारा देऊ लागली. दिवा आकाशात होता. भय मात्र घराघरांत उतरले. त्या भयाविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत. मी शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर आहे. म्हणून जे पक्के ठाऊक आहे तेवढेच सांगेन.

आकाशात अनोळखी वस्तू दिसणे ही गोष्ट नवी नाही. आपल्या पूर्वजांनी तुटता तारा पाहिला, धूमकेतू पाहिला आणि त्यांस आपापल्या समजुतीप्रमाणे नावे दिली. तथापि 'उडत्या तबकड्या' हा शब्दप्रयोग अलीकडचा. २४ जून १९४७ रोजी अमेरिकेतील केनेथ अर्नोल्ड नावाच्या वैमानिकास रेनिअर पर्वताजवळ वेगाने जाणाऱ्या नऊ चकाकत्या वस्तू दिसल्या. वृत्तपत्रांनी त्यांस तबकड्या म्हटले आणि पुढे जगभर तबकड्या दिसू लागल्या. अमेरिकेच्या हवाई दलाने १९४७ ते १९६९ या काळातील १२,६१८ वृत्तांतांची छाननी केली. बहुतेकांचा उलगडा झाला. ७०१ प्रकरणे अनिर्णीत राहिली. या ७०१ आकड्यावरच पुष्कळांची श्रद्धा उभी आहे. परंतु पत्रावरचा पत्ता पुसला गेला, म्हणून ते स्वर्गातून आले असे कोणताही पोस्टमन म्हणत नाही. उलगडा न होणे हा माहितीचा अभाव होय. तो पाहुण्यांच्या आगमनाचा पुरावा नव्हे. २०२३ साली 'नासा' या संस्थेने नेमलेल्या स्वतंत्र अभ्यासमंडळानेही असाच निर्वाळा दिला : अशा वृत्तांतांचे मूळ परग्रहावर आहे असे मानण्यास आधार नाही, मात्र माहिती अधिक काटेकोरपणे गोळा केली पाहिजे.

आता आपल्या डोक्यावरील आकाशाकडे येऊ. नांदेड आणि लातूर ही दोन्ही शहरे हैदराबादेपासून सरळ रेषेत सुमारे २३० किलोमीटरवर आहेत. त्या हैदराबादेत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बलून केंद्र १९६९ पासून कायमचे चालू आहे. तेथून अतिशय पातळ पॉलिथीनचे, हायड्रोजन वायूने भरलेले प्रचंड फुगे सोडतात. ते तीस ते चाळीस किलोमीटर उंचीवर जातात आणि वाऱ्याबरोबर वाहतात. खाली जमिनीवर सूर्य मावळला, तरी इतक्या उंचीवर ऊन आणखी वीस-पंचवीस मिनिटे राहते. अशा वेळी अंधारलेल्या आकाशात एखादा फुगा मोत्यासारखा स्थिर चमकताना दिसतो आणि थोड्या वेळाने एकाएकी मावळून जातो. ज्यास हे ठाऊक नाही त्याने त्यास तबकडी म्हटले तर त्यास हसू नये. कामगिरी संपल्यावर त्यातील उपकरणे रंगीत छत्रीच्या साहाय्याने खाली येतात; ती सापडल्यास हात न लावता पोलिसांस कळवावे, अशी सूचना ती संस्था देत असते. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या बीदर जिल्ह्यातील जलसंगी गावी असा एक फुगा घरावर येऊन पडला. गाव प्रथम घाबरले; सोबतची चिठ्ठी वाचल्यावर निवळले. एका चिठ्ठीने जे काम केले ते शंभर काठ्यांनी झाले नसते.

दुसरे उदाहरण २ एप्रिल २०२२ चे, म्हणजे गुढीपाडव्याच्या संध्याकाळचे. विदर्भात आणि उत्तर महाराष्ट्रात लोकांनी आकाशातून जळत जाणारी एक रांग पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे एक मोठे कडे येऊन पडले. चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या अग्निबाणाचा हा उरलेला टप्पा असावा, असे खगोलतज्ज्ञांनी गणिताने ताडले. तिसरे उदाहरण उपग्रहांच्या माळेचे. मे २०१९ पासून 'स्टारलिंक'चे उपग्रह एका वेळी अनेक सोडले जातात आणि प्रारंभीचे काही दिवस ते आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागून एक जाताना दिसतात. आणि सर्वांत जुना फसविणारा दिवा म्हणजे आपली शुक्राची चांदणी! ती सूर्यास्तानंतर पश्चिमेस किंवा सूर्योदयापूर्वी पूर्वेस दिसते. मध्यरात्री डोक्यावर ती कधीच नसते. एवढा एक नियम मुलांस शिकविला तरी निम्म्या अफवा जागीच विरतील.

मग पृथ्वीबाहेर जीव आहेत ही कल्पनाच खुळी म्हणावयाची काय? मुळीच नाही. परमेश्वरास 'अनंतकोटी ब्रह्मांडनायक' म्हणणाऱ्या आपल्या लोकांस अनेक जगांची कल्पना परकी नाही. १९९५ साली सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह सापडला. २०२५ पर्यंत अशा ग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली. आपले मंगळयान २०१४ साली मंगळाच्या कक्षेत पोहोचले, तेव्हा त्यावर मिथेन वायू शोधण्याचे एक उपकरण होते. कारण हा वायू कधी कधी जीवसृष्टीची खूण असू शकतो. जीव कोठे तरी असेल, हा विचार शास्त्रसंमत आहे. तो आपल्या शिवारात उतरला, हा दावा मात्र निराळा आहे. सूर्याखेरीज आपल्या सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर यान सेकंदाला सुमारे सतरा किलोमीटर वेगाने जात आहे. त्या वेगाने तेथे जाण्यास जवळजवळ पंचाहत्तर हजार वर्षे लागतील. असा प्रवास करून आलेला पाहुणा कोणाच्या शेतावर दिवा लावून निघून जाईल, हे पटावयास जड जाते.

येथे एक मौजेची गोष्ट सांगतो. ज्या फुग्यांस आपण परग्रहाचे यान समजतो, त्यांपैकीच एक फुगा परग्रहाच्या जीवांचा शोध घेण्यास गेला होता! आपल्या कोल्हापुरात जन्मलेले थोर शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी या प्रयोगात पुढाकार घेतला होता. सूक्ष्मजीव अंतराळातून पृथ्वीवर येत असतील काय, हा त्यांचा प्रश्न. २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादेहून ४५९ किलोग्रॅम वजनाची सामग्री घेऊन फुगा वर गेला आणि वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने निर्जंतुक नळकांड्यांत भरून घेऊन आला. पुणे व हैदराबाद येथील दोन प्रयोगशाळांनी ते स्वतंत्रपणे तपासले. त्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. त्यांपैकी एकीस आर्यभटाचे नाव देण्यात आले. २००९ साली हे जाहीर झाले, आणि त्याच वेळी असेही स्पष्ट सांगितले गेले की, हे जीव पृथ्वीबाहेरून आले हे यावरून सिद्ध होत नाही. बंधूंनो, एवढा शोध हाती असताना 'सिद्ध होत नाही' म्हणणे यास मी खरे पांडित्य म्हणतो. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. हा संयम त्यांनी आपणांस वारशाने ठेवला आहे.

आणि ज्ञानाचा ताठाही नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली. अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून गाव झोपले होते. तोपर्यंत दख्खनचे हे पठार स्थिर मानले जाई. धरणीने तो समज एका क्षणात खोटा ठरविला आणि शास्त्रज्ञांनी आपले नकाशे पुन्हा तपासले. पुरावा आला की मत बदलावे, पुरावा येईपर्यंत मत राखून ठेवावे. या दोन वाक्यांत सारे शास्त्र आले.

आता मूळ मुद्दा. हे सारे आकाशाचे झाले; पण माणूस मरतो तो जमिनीवर. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांचा जमावाने जीव घेतला. ती माणसे भिक्षेसाठी गावोगाव फिरणारी होती. अनोळखी दिव्यास भिणारे गाव अनोळखी माणसासही भिते, आणि भ्यालेल्या जमावाच्या हातातील काठी विचारपूस करीत नाही. आपल्यातलेही अनेकजण पोटासाठी परगावी अनोळखी म्हणूनच वावरतात, हे विसरू नका. ज्या समाजाने आपल्या मुलांस अफवा पारखावयास शिकविले नाही, त्याची वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या अपुऱ्याच होत.

यास्तव माझ्या तीन सूचना आहेत. पहिली : आकाशात काही दिसल्यास प्रथम वेळ, दिशा, आवाज आणि गती लिहून ठेवावी. हात लांब करून मूठ धरली की क्षितिजापासून सुमारे दहा अंश होतात. तेवढ्यावरून उंची मोजता येते. लिहिल्याशिवाय शेजाऱ्यास सांगू नये आणि मोबाईलवरून पुढे तर मुळीच धाडू नये. दुसरी : अनोळखी माणसाविषयी शंका आल्यास ११२ क्रमांकावर पोलिसांस कळवावे, हात उगारू नये, उगारणाऱ्यास अडवावे. तिसरी : आपल्या वसतिगृहात दिवाळीपासून होळीपर्यंत महिन्यातून एक रात्र मुलामुलींस तारे दाखवावेत. त्यास फार खर्च नाही. एक साधी दुर्बीण आणि गच्ची पुरे.

शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, विश्वाच्या दूरच्या कोपऱ्यांतून येणाऱ्या गुरुत्वलहरी टिपणाऱ्या 'लायगो-इंडिया' प्रकल्पास २०२३ साली केंद्र सरकारने मंजुरी दिली आहे. त्याच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असावयाच्या आहेत. विश्वाची कुजबुज ऐकणारे कान आपल्या मराठवाड्याच्या मातीत उभे राहत असता, तेथे आपली मुले केवळ रखवालदार म्हणून उभी राहणार की आत बसून आकडे वाचणार, याचा निर्णय आजपासून आपल्या गच्चीवर व्हावयाचा आहे.  इत्यलम्.