बाणाची काडी कोण तपासतं?

(दिल्ली परिसरात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'एकलव्य आणि आजचं शिक्षण' असा विषय दिला होता. तुमच्यातले बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहेत. एकलव्याचं भाषण तुम्ही दहा वेळा ऐकलं असेल. अंगठ्याबद्दल आपण पुष्कळ बोललो. मी आज बाणाबद्दल बोलणार आहे, आणि बाणातही फक्त काडीबद्दल. पिसं नाहीत, पातं नाही, मधली काडी.

मी नंदुरबारकडचा भिल. गुडगावला मुलांना धनुर्विद्या शिकवतो. २०१६ साली या शहराचं नाव द्रोणाचार्यांवरून गुरुग्राम झालं. याच शहरात खांडसा गावात एकलव्याचं लहानसं मंदिर आहे. ज्यांना शहराचं नाव माहीत आहे त्यांतल्या बहुतेकांना मंदिर माहीत नाही. खेळाडूंना १९६१ पासून अर्जुन पुरस्कार मिळतो, प्रशिक्षकांना १९८५ पासून द्रोणाचार्य. असो.

आदिपर्वात एकलव्य भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात सात बाण मारतो. बाण बनवणाऱ्या घरातल्या माणसाला ही गोष्ट ऐकून पहिला प्रश्न पडतो की ते सात बाण केले कोणी? सातही काड्या सारख्या वाकणाऱ्या नसत्या, तर त्या एका तोंडात गेल्याच नसत्या. त्या पोराला नेम जमत होता तसं लाकूडही कळत होतं. ही दुसरी विद्या गोष्ट सांगणाऱ्याच्या लक्षातच आली नाही. (जाता जाता एक सांगतो. आज ऑलिंपिकच्या रिकर्व्ह धनुष्याची दोरी तीन बोटांनी ओढतात. अंगठा दोरीला लागतच नाही.)

आता काडी सारखी का हवी? दोरी सुटते तेव्हा बाण सरळ निघत नाही. तो वाकतो, धनुष्याच्या मुठीला वळसा घालतो, मग लहरत लहरत सरळ होतो. किती वाकणार हे काडीच्या ताठरपणावर ठरतं. खेळात त्याला स्पाइन म्हणतात. उजव्या हाताने ओढणाऱ्याची काडी जास्त ताठ असेल तर बाण डावीकडे जातो, जास्त लवचीक असेल तर उजवीकडे. नेम तोच, हात तोच.

माझ्याकडे एक मुलगी येते. आई चार घरची धुणीभांडी करते. एका निवड चाचणीत तिचे बाण डावी-उजवीकडे पसरले. तिथले एक साहेब मला म्हणाले, "इन बच्चों में एकाग्रता नहीं होती." 'इन बच्चों' म्हणजे कोण, ते तुम्हाला सांगायला नको. मी तिचे सहा बाण घरी नेऊन मोजले. चार एका ताठरपणाचे निघाले, दोन बरेच लवचीक. ते दोन बदलले. पुढच्या आठवड्यात तिचे सहाही बाण एका जागी येऊ लागले. एकाग्रता तिच्याकडे आधीपासूनच होती. शेजारच्या मुलाच्या कार्बनच्या बाणांवर स्पाइनचा आकडा कारखान्यातूनच छापून येतो. त्यातला एकेक बाण काही हजारांना पडतो. दोघांचं लक्ष्य एक, गुण लिहिणारा कागद एक, आणि काडी तपासायचं कोणाच्या मनातही येत नाही. पुढे त्याच कागदाला गुणवत्ता म्हणतात.

मोजायचं कसं ते सांगतो, कारण याला पैसे लागत नाहीत. फळीवर दोन खिळे ठोका, त्यांच्यात बरोबर २६ इंच, म्हणजे ६६ सेंटीमीटर अंतर. काडी त्यांवर आडवी ठेवा. मधोमध २ पौंड, म्हणजे ९०७ ग्रॅम वजन टांगा. काडी किती खाली गेली ते पट्टीवर वाचा. २६ ला त्या इंचांनी भागा, आला आकडा. १६.५ मिलिमीटर वाकली तर ४०, १४.७ वाकली तर ४५, १३.२ वाकली तर ५०. सगळा खेळ दीड-दोन मिलिमीटरचा आहे. काडी फिरवून पुन्हा मोजा, कारण लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं ताठ नसतं. जी बाजू जास्त ताठ, ती धनुष्याकडे ठेवून दोरीची खाच पाडायची. मग सोनाराच्या छोट्या काट्यावर वजन करा. एका संचातल्या काड्यांत अर्ध्या-पाऊण ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको.

माझा आजा हे दोन हातांनी करायचा. काडी हलकेच वाकवायची, सोडायची, आणि ठेवायची किंवा टाकायची. त्याला कोणी तंत्रज्ञ म्हटलं नाही.

आमच्याकडे तीरकामठा बांबूचा, काडी बारीक बांबूची नाहीतर बोरूची. इथे यमुनेकाठी सरकंडा उगवतो, तोही त्याच जातीचा. संस्कृतात 'शर' म्हणजे ते गवत आणि शर म्हणजेच बाण. कुलकर्ण्यांनी ज्याने दप्तरं लिहिली तो बोरूही असलाच. एकच गवत, कोणाच्या हाती काय लागलं एवढाच फरक.

पण बोरूला पेरं असतात आणि जाडी बदलते, म्हणून शिकणाऱ्या मुलांसाठी मी कठीण लाकूड घेतो. कीर्तीनगरच्या लाकूडबाजारात स्टीम बीच मिळतो, कधी ॲश. १५४५ मध्ये बुडालेल्या 'मेरी रोझ' या इंग्रजी जहाजातून हजारो बाण निघाले, त्यांत बहुतेक पॉप्लरचे होते, पण बीच आणि ॲशचेही होते. शिसम जड पडतो आणि त्याच्या रेषा गुंततात. सातपुड्यात कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा घेतात. त्याचाच भाऊबंद धौ फरीदाबादच्या मांगर बनीत उभा आहे, पण ते जंगल गावकऱ्यांनी राखलेलं आहे. त्याला हात लावायचा नाही.

काडी निवडताना डोळ्यापाशी धरून लांबवर पाहा. लाकडाची रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला हवी. ती मध्येच बाजूने बाहेर पडत असेल तर काडी तिथेच तुटणार. गाठ असेल तर हातात घेऊच नका. वरच्या बाजूला थोडी तिरकी रेषा असलीच, तर तिचं टोक लक्ष्याकडे ठेवा. तुटलीच तर धनुष्य धरलेल्या हातात घुसायची शक्यता कमी होते. प्रत्येक वेळी बाण मारण्याआधी काडी थोडी वाकवा आणि कान द्या. कट् आवाज आला तर ती मोडून टाका. नुसती फेकू नका, दुसरं पोर उचलतं.

दिल्लीत लाकडाची खरी परीक्षा हवामान घेतं. मे महिन्यात लाकूड चुरचुरतं, जुलैत पाणी पिऊन फुगतं. म्हणून जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्या, मध्ये पूर्ण सुकू द्या, किंवा लाखेचं पातळ पॉलिश करा. खाच आणि टोक विसरू नका, पाणी तिथूनच शिरतं. भिंतीला टेकवून ठेवलेली काडी महिन्यात कमान होते. आडवी सपाट ठेवा किंवा टांगा. वाकलीच तर निखाऱ्यावर दुरून गरम करा, उलट दिशेला दाबा आणि गार होईपर्यंत धरून ठेवा. घाई करणारा ती मोडतो.

उदयपूरकडचा आहारी आदिवासी लिंबाराम बांबूच्या धनुष्यावर वाढला. १९८७ मध्ये सरकारी निवडीतून तो पुढे आला, आणि १९९२ मध्ये बीजिंगला ३० मीटरवर त्याने जागतिक विक्रमाची बरोबरी केली. त्याच्याबद्दल बोलताना लोक 'निसर्गदत्त' म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. लहानपणापासून वाकड्या काड्यांनी नेम धरायचा, तर प्रत्येक काडीचा स्वभाव पाठ करावा लागतो. तो अभ्यासच असतो, फक्त त्याची गुणपत्रिका निघत नाही.

तुमच्यात भौतिकशास्त्र शिकलेले आहेत, वनशास्त्रवालेही आहेत. बोरू, बारीक बांबू, धावडा, धौ यांचे स्पाइनचे आकडे मला मराठीत कुठे सापडलेले नाहीत. आमच्या म्हाताऱ्यांच्या हातात ते आहेत, आणि म्हातारे थोडेच उरलेत. सुट्टीत घरी जाल तेव्हा फळी आणि दोन खिळे बरोबर न्या.

बाहेर टेबलावर एक फळी आणि वजन ठेवलं आहे. एकाच ओंडक्यातून काढलेल्या वीस काड्या आहेत. चहा पिता पिता मोजा आणि आकडा काडीवर पेन्सिलीने लिहा, शाईने नको, तेल दिल्यावर पसरते. उद्या सकाळी सहाच्या सरावाला त्या लागणार आहेत.