भिंतीबाहेरचं इंग्रजी

उर्दू किंवा मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांना कॉलेजात गेल्यावर ऐकवलं जातं, "तुमचं इंग्रजी कच्चं आहे." उपाय ठरलेला, क्लास लावा. फी परवडत नसेल तर गप्प बसा. हे खरंच एवढंच आहे का?

स्वीडनच्या भाषा-संशोधक पिया सुंडक्विस्ट यांनी २००९ साली कार्लस्टाड विद्यापीठात या विषयावर प्रबंध सादर केला. नववीतली मुलं शाळेबाहेर इंग्रजीत काय काय करतात आणि त्याचा त्यांच्या बोलण्यावर, शब्दसंग्रहावर काय परिणाम होतो, हे त्यांनी तपासलं. ज्यांचा शाळेबाहेर इंग्रजीशी संबंध जास्त, त्यांचं इंग्रजीही चांगलं, असं दिसलं. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे, ही वाट घरच्या आर्थिक-सामाजिक परिस्थितीवर अवलंबून नव्हती.

पण नुसता कानावर पडणारा आवाज फारसा उपयोगी पडत नाही. गाणी, सिनेमे यांच्यापेक्षा व्हिडिओ गेम, इंटरनेट आणि वाचन यांचा परिणाम जास्त होता. कारण सोपं आहे. गाणं न समजताही ऐकता येतं. गेममध्ये सूचना कळली नाही तर पुढे जाता येत नाही, आणि सोबतच्या खेळाडूला उत्तर द्यावंच लागतं.

आपली परिस्थिती वेगळी आहे, हे मान्य. स्वीडिश भाषा इंग्रजीच्या जवळची. तिथे परदेशी सिनेमे सहसा मूळ भाषेत, खाली स्वीडिश ओळींसह दाखवतात. आपल्याकडे ते हिंदीत डब होऊन येतात आणि गेममधल्या गप्पाही हिंदीतच चालतात. म्हणून दिवसभर खेळूनही इंग्रजी येईलच असं नाही. ते ठरवून निवडावं लागतं. गेमची भाषा इंग्रजी ठेवा. व्हिडिओ इंग्रजी सबटायटल लावून पाहा. अडलेला शब्द शोधा. चुकलं तरी चालेल, पण रोज एक कॉमेंट इंग्रजीत लिहा. अभ्यास आणि झोप मोडून मात्र नको.

आता एक अवघड गोष्ट. त्याच प्रबंधात मुलांना मुलींपेक्षा जास्त फायदा झालेला दिसला. मुलगे जास्त हुशार होते असं नाही. अशा सक्रिय गोष्टींना त्यांनी जास्त वेळ दिला होता. आपल्या अनेक घरांत काय होतं? भावाचा फोन रात्री उशिरापर्यंत चालतो, त्याला कुणी विचारत नाही. बहिणीने अर्धा तास फोन घेतला की, "कुणाशी बोलतेस?" वर तिला गेम खेळणं शोभत नाही, हेही ऐकावं लागतं. मग पुढे नोकरीच्या मुलाखतीत ती अडखळली, तर दोष तिच्या बुद्धीचा कसा?

क्लासची फी नसेल, तरी घरातल्या एका फोनचा वेळ वाटून घेता येतो. भावांनो, त्याची सुरुवात तुम्ही करायची आहे. आणि बहिणींनो, तुमचा वाटा मागून घ्या.